पहिलं सिझर झालंय, दुसऱ्या वेळी नॉर्मल होईल का?

दुसऱ्यांदा दिवस राहिले की पहिल्या सिझरचा विषय घरात लगेच निघतो, आणि “एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच” असं कुणीतरी अगदी खात्रीने सांगून मोकळं होतं. ही समजूत शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये हे लिहिलं, तेव्हा त्याला कारणही होतं. त्या काळी गर्भपिशवीच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत. कळांचा खरा जोर याच भागात असतो. त्यामुळे पुढच्या बाळंतपणात जुना व्रण उसवायची भीती मोठी होती. पुढे १९२०च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ केली. कळांच्या वेळी हा भाग फारसा आवळत नाही, ताणला जातो, आणि त्यावरचा व्रण बराच टिकाऊ ठरतो. आज जवळजवळ सगळी सिझर याच पद्धतीने होतात.

म्हणून आज चित्र वेगळं आहे. आधीचं एकच सिझर, खालच्या भागावरचा आडवा छेद आणि बाकी अडचण नाही, अशा शंभर बायकांनी नॉर्मलचा प्रयत्न केला तर साधारण ७२ ते ७५ जणींची प्रसूती नॉर्मल होते. सिझरच्या आधी किंवा नंतर एकदा तरी नॉर्मल झालेली असेल तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. कळा आपोआप सुरू झालेल्या असतील तर व्रण उसवण्याचा धोका दोनशे बायकांत एकीला, म्हणजे अर्धा टक्का असतो. सिझरनंतरच्या अशा नॉर्मल प्रसूतीला डॉक्टर मंडळी ‘व्हीबॅक’ म्हणतात. तुमच्या कानावरही तोच शब्द येईल.

धोका अर्धा टक्काच असला तरी तो ज्या घरात घडतो तिथे फार मोठा असतो. म्हणूनच व्हीबॅकचा निर्णय हिमतीवर घ्यायचा नाही. मागच्या ऑपरेशनचा कागद काय सांगतो आणि गरज पडली तर ऑपरेशन थिएटर किती मिनिटांत तयार होतं, या दोन गोष्टींवर तो घ्यायचा. खालची सगळी तयारी याच दोन गोष्टींभोवती आहे.

जुने कागद आधी हातात घ्या

शक्य असेल तर दिवस राहण्याआधीच, नाहीतर पहिल्या तपासणीच्या सुमारास मागच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. म्हणजे कागद लातूरला आणि तुम्ही पुण्यात, असं हमखास होतं. आईच्या कपाटातल्या पिशवीत कार्ड सापडलं नाही, तर त्या हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून नोंदी मागा. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षं जपून ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे. तीन वर्षं उलटायच्या आत मागितलेल्या बऱ्या. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची टिपण, म्हणजे ऑपरेशन नोट, आवर्जून मागा. खरी माहिती त्यातच असते.

कार्डावर ‘एलएससीएस’ अशी अक्षरं दिसली तर छेद पिशवीच्या खालच्या भागावर होता असं समजायचं. ऑपरेशन नोटमध्ये आणखी बघायचं ते असं: छेद आडवा होता की उभा, बाळ काढताना तो बाजूला किंवा वर फाटला होता का, ‘टी’ किंवा ‘जे’ आकारात वाढवावा लागला होता का, रक्तस्राव जास्त झाला होता का, आणि नंतर ताप किंवा जंतुसंसर्ग झाला होता का.

पोटावरच्या खुणेवरून मात्र काहीही ठरवू नका. कातडीवरची रेघ बिकिनी लाइनवर सुबक आडवी असते आणि आत पिशवीवर उभा छेद असतो, असं होऊ शकतं. उलटही होतं. फार लवकर, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात सिझर झालं असेल, बाळ पोटात आडवं असेल किंवा छेदाच्या जागी मोठा फायब्रॉइड, म्हणजे पिशवीची गाठ, असेल, तर आत उभा छेद घ्यावा लागण्याची शक्यता जास्त असते.

मागचं सिझर कशासाठी झालं होतं?

बायकांना हे कारण अनेकदा घरच्यांच्या बोलण्यातूनच कळलेलं असतं. “बाळ पायाळू होतं”, “बाळाने पोटात शी केली”, “पाणी कमी झालं”, “वार खाली होती”, “ठोके कमी झाले”. ही कारणं त्या बाळंतपणापुरती असतात. दुसऱ्या वेळी ती असतीलच असं नाही, म्हणून अशा बायकांना व्हीबॅकची संधी चांगली असते.

“पिशवीचं तोंड उघडलंच नाही” हे कारण असेल तर थोडं खोलात जा. कळा आपोआप आल्या होत्या की औषधाने आणल्या होत्या? तोंड किती सेंटिमीटर उघडलं होतं? किती तास वाट पाहिली? दोन सेंटिमीटरवर थांबून संध्याकाळी सिझर झालं असेल, तर त्या शरीराला पुरती संधी मिळालीच नव्हती असं म्हणायला जागा असते. तोंड पूर्ण उघडून, तासन्‌तास जोर करूनही बाळ खाली आलं नसेल, तर ती गोष्ट वेगळी, आणि तिथे अपेक्षा थोडी कमी ठेवावी.

कार्डावरचा ‘सीपीडी’ हा शेरा पाहूनही बायका खचतात. बाळाचं डोकं मोठं आणि कटीची वाट अरुंद, असा त्याचा अर्थ. पण हे मोजमाप कळा चांगल्या सुरू असतानाच नीट कळतं. मागच्या बाळाने डोकं वाकडं धरलेलं असू शकतं, हे बाळ नीट वळून येऊ शकतं. असा शेरा असलेल्या बायकांमध्ये यश कमी असलं तरी निम्म्याहून जास्त जणींची प्रसूती नॉर्मल होते. माझ्या मते या एका शब्दामुळे जितक्या बायकांनी प्रयत्नच सोडून दिला, तितक्या दुसऱ्या कशामुळेही नसतील.

कुणी हा प्रयत्न करू नये

पिशवीवर उभा किंवा टी आकाराचा छेद असेल, पिशवी आधी कधी फाटली असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, किंवा फायब्रॉइड काढताना पिशवीच्या आतल्या पोकळीपर्यंत छेद गेला असेल, तर सिझरच करायचं. वरच्या भागावरच्या उभ्या छेदात उसवण्याचा धोका ४ ते ९ टक्के धरतात. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

दोन सिझर झालेल्या बायकांनाही काही ठिकाणी प्रयत्न करू देतात, पण तो सगळ्या सोयी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात आणि अनुभवी डॉक्टरांकडेच. जुळी बाळं असतील तरी हेच. बाळ पायाळू असेल तर आधी ते वळतंय का हे बघू द्या, घाईने ठरवू नका.

अंतराचंही बघायला हवं. मागच्या सिझरपासून या प्रसूतीपर्यंत निदान १८ महिने गेलेले असावेत, त्याहून जास्त असतील तर उत्तम. एक वर्षही झालं नसेल तर उसवण्याचा धोका वाढतो. वजन फार जास्त असणं, बाळ चार किलोंच्या पुढे असणं आणि कळा औषधाने आणाव्या लागणं, या तिन्हींमुळे यशाची शक्यता घटते. यातली एखादी गोष्ट असली म्हणून दार बंद होत नाही. पण आधी एकदाही नॉर्मल झालेली नसताना यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या आणि मागचं सिझर बाळ खाली न सरकल्यामुळे झालेलं असलं, तर यश चाळीस टक्क्यांपर्यंत खाली येतं. हे डॉक्टरांनी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं आणि तुम्हीही विचारायला हवं.

दोन्हीकडचं खरं वजन

नॉर्मल झाली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही हिंडू-फिरू लागता, पोटावर टाके नसतात, आणि घरातल्या पहिल्या लेकराला उचलून घ्यायला आठवडे थांबावं लागत नाही. दोन वर्षांचं मूल असलेल्या आईला विचारा, ही किती मोठी गोष्ट आहे ते. बाळाच्या श्वासाचंही आहे. ठरवून केलेल्या सिझरनंतर शंभरातल्या ४ ते ५ बाळांना जन्मतः श्वासाचा थोड्या काळापुरता त्रास होतो, व्हीबॅकनंतर २ ते ३ बाळांना. सिझर करायचंच असेल तर ते ३९ आठवड्यांनंतर ठेवतात, ते याचसाठी. मुहूर्तासाठी ३७ व्या आठवड्यातली तारीख धरायचा आग्रह घरातून झाला तर हे कारण सांगून तो मोडून काढा.

फारशी बोलली न जाणारी बाजू म्हणजे पुढची गर्भारपणं. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या वेळी वार व्रणावर रुजून पिशवीच्या भिंतीत घुसण्याचा धोका वाढतो. वार तोंडावर असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी अशी घुसलेली वार सुमारे ११ टक्के बायकांत सापडते, तिसऱ्या सिझरच्या वेळी ४० टक्क्यांत. अशी वार सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि कधीकधी पिशवीच काढावी लागते. तिसरं मूल हवं असेल तर हा हिशेब आत्ताच करायला हवा.

आता दुसरी बाजू. शंभरातल्या पंचवीस-अठ्ठावीस जणींना कळा सोसून शेवटी सिझरच करावं लागतं. ते कळांमधलं सिझर ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचं असतं, जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावही जास्त. खालचे टाके खोलवर जाऊ शकतात. आणि व्रण उसवण्याचा तो अर्धा टक्का आहेच, जो ठरवून केलेल्या सिझरमध्ये जवळजवळ शून्य असतो. व्हीबॅकच्या प्रयत्नात बाळ दगावण्याचा धोका दहा हजारांत चारच्या आसपास असतो, म्हणजे पहिलटकरणीच्या प्रसूतीत असतो साधारण तितकाच. हे सगळं ऐकून एखादीने ठरवून सिझर निवडलं, तर तोही पूर्ण समजूतदार निर्णय आहे. तिला कुणी कमी लेखू नये.

हॉस्पिटल निवडताना रात्रीचा विचार करा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्याची नोंद आहे, महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४. म्हणजे सिझर झालेल्या आणि पुन्हा आई होऊ पाहणाऱ्या बायका आता गल्लोगल्ली आहेत, पण व्हीबॅकची खरी सोय गल्लोगल्ली नाही.

आपल्या तालुक्याच्या गावांत आणि शहरांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नसतात. चार-पाच हॉस्पिटलं सांभाळत ते बोलावल्यावर येतात. दिवसा दुपारी ते वीस मिनिटांत पोहोचतील, पण रात्री दोन वाजता ते दुसरीकडच्या टेबलाजवळ उभे असले तर? व्रण उसवला तर बाळाच्या हातात मोजकी मिनिटं असतात. म्हणून एखादे डॉक्टर “आमच्याकडे व्हीबॅक करत नाही” म्हणाले तर लगेच त्यांना पैशाचे लोभी ठरवू नका. अनेकदा ते आपल्या सोयींची मर्यादा प्रामाणिकपणे सांगत असतात. ज्यांना जमतं त्यांच्याकडे जा, एवढाच त्याचा अर्थ.

पाचव्या महिन्यापर्यंत हे प्रश्न विचारून घ्या, आणि नवऱ्याला किंवा आईला सोबत घेऊन विचारा:

- रात्री आणि सुट्टीच्या दिवशी भूलतज्ज्ञ इथेच असतात का? नसले तर किती मिनिटांत येतात?
- सिझर करायचं ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत साधारण किती वेळ लागतो? (अर्ध्या तासाच्या आत होत असेल तर ठीक.)
- रक्त इथेच मिळतं की बाहेरच्या रक्तपेढीतून आणावं लागतं?
- कळांच्या काळात बाळाचे ठोके मशीनवर सतत बघता का?
- बालरोगतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग जवळ आहे का?
- मागच्या वर्षभरात तुमच्याकडे किती जणींनी हा प्रयत्न केला, आणि किती जणींची नॉर्मल झाली?
- तुम्ही बाहेरगावी असलात तर तुमच्या जागी कोण असेल, आणि त्यांना हे मान्य आहे का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. नऊ महिने एका डॉक्टरांशी बोलून झालेलं असतं आणि ऐनवेळी दुसरेच डॉक्टर “मी ही जोखीम घेणार नाही” म्हणतात, असं सर्रास होतं.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांचा विचार जरूर करा. तिथे निवासी डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ बहुधा चोवीस तास असतात आणि व्हीबॅकचा हात बसलेला असतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तिथे नॉर्मल काय आणि सिझर काय, दोन्ही मोफत आहे. गर्दी असते, खोली मिळत नाही, हे खरं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा घरी हा प्रयत्न मुळीच करायचा नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत मागचं सिझर सांगितलंत की तुमच्या कार्डावर लाल खूण लागते. ती बघून घाबरू नका. तुम्हाला मोठ्या ठिकाणी पाठवायचं आहे, एवढंच ती सांगते.

घाटापलीकडच्या किंवा नदीपलीकडच्या गावात राहत असाल तर शेवटचे दोन-तीन आठवडे हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवा. माहेरी जायचं असेल तर माहेरच्या गावात या सोयी आहेत का ते आधी बघा आणि नंतरच बॅग भरा.

नऊ महिन्यांत काय काय

दीड-दोन महिन्यांत पहिली सोनोग्राफी चुकवू नका. गर्भ जुन्या व्रणातच रुजलेला नाही ना, हे तेव्हाच कळतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते विचारा. ती खाली असली तर ३२ आठवड्यांच्या आसपास पुन्हा बघतात. बहुतेक वेळा पिशवी वाढते तशी ती वर सरकते.

शेवटच्या महिन्यात अनेक ठिकाणी ‘स्कारची जाडी’ मोजतात आणि रिपोर्टवर २ मिलिमीटर वगैरे आकडा येतो. तो बघून रात्रीची झोप उडवून घेऊ नका. इतक्या जाडीला सुरक्षित आणि त्याखाली असुरक्षित, अशी सर्वमान्य रेघ अजून ठरलेली नाही. जाडी फारच कमी असेल किंवा त्या जागी दुखत असेल तर डॉक्टर इतर गोष्टींबरोबर तिचा विचार करतील. केवळ त्या आकड्यावर सिझर ठरत असेल तर मात्र दुसरं मत घ्या.

हिमोग्लोबिन ११ च्या वर राहील असं बघा. रक्तस्राव झालाच तर अंगातलं हेच रक्त कामी येतं. साखरेची तपासणी करा, कारण साखर वाढली की बाळ मोठं होतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज चाला. दोन जिवांची आहेस म्हणून दुप्पट खायला घालणारी माणसं प्रेमाने घालतात, पण तुपाच्या वाटीने बाळ ‘घसरून’ येत नाही, वजन तेवढं वाढतं.

एरंडेल घेऊन कळा आणायचा जुना उपाय या वेळी पूर्ण वर्ज्य. कळा आवर न घालता येण्याइतक्या जोरात आल्या तर जुन्या व्रणावर नेमका तोच ताण येतो. ओळखीतल्या कुणाला चालला असेल, तिच्या पिशवीवर व्रण नव्हता.

३६ व्या आठवड्यातली बैठक

या तपासणीला जास्त वेळ मागून घ्या आणि चार गोष्टी ठरवून फाइलमध्ये लिहून घ्या. पाणी गेलं पण कळा आल्या नाहीत तर किती तास थांबायचं? तारखेपर्यंत कळा आल्या नाहीत तर किती दिवस वाट बघायची? कळा औषधाने आणायची वेळ आली तर ते करायचं, की सरळ सिझर? कळांमध्ये प्रगती थांबली तर कळा वाढवायचं सलाईन लावायचं का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांगणिक बदलतात. औषधाने कळा आणल्या किंवा वाढवल्या तर व्रण उसवण्याचा धोका दोन ते तीन पट होतो, म्हणजे शंभरात एक-दीडच्या घरात. काही जण तरीही जपून करतात, आणि सुरुवात बहुधा पिशवीच्या तोंडात फुगा बसवून करतात, कारण त्यात औषध नसतं. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मात्र दिवस भरत आलेल्या, व्रण असलेल्या पिशवीला द्यायच्या नसतात. कोणती गोळी देताय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो बजावा.

कळा सुरू झाल्या की

इतर बायकांना “कळा पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की या” असं सांगतात. तुम्ही एवढं थांबू नका. कळा नियमित व्हायला लागल्या, पाणी गेलं, किंवा रक्त दिसलं की निघा. बाळाची हालचाल कमी वाटली तर कळा नसल्या तरी निघा. १०८ ला फोन करताना मागचं सिझर झाल्याचं सांगा. जुने कागद, रक्तगटाचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी एकाच फाइलमध्ये दाराजवळ ठेवलेली असावी.

वाटेतल्या कुठल्याही दवाखान्यात “कळा वाढवायला एक इंजेक्शन देतो” असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. सोबत येणाऱ्या माणसालाही हे पढवून ठेवा, कारण त्या वेळी तुमच्यात वाद घालायची ताकद नसेल.

लेबर रूममध्ये गेल्यावर हाताला सुई लावतात आणि रक्ताचा नमुना रक्तपेढीत पाठवतात. पोटावर दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्याखालची चकती बाळाचे ठोके ऐकते, दुसरी कळा मोजते, आणि शेजारच्या मशीनमधून कागदाची पट्टी सरकत राहते. वरची रेघ बाळाच्या ठोक्यांची, एरवी मिनिटाला ११० ते १६० च्या मध्ये नागमोडी फिरणारी. खालच्या रेघेवर कळेगणिक एक टेकाड उमटतं. डॉक्टर आणि सिस्टर पुन्हा पुन्हा या पट्टीकडे बघतात ते टेकाड उतरल्यावरही वरची रेघ खाली रेंगाळतेय का, हे पाहायला. व्रण उसवायला लागला तर सगळ्यात आधी बहुधा ठोकेच बिघडतात, आईला काही जाणवण्याआधी. म्हणून पट्ट्यांचा कंटाळा आला तरी ते सोडू नका. सतत उताणं पडून राहायची मात्र गरज नाही. कुशीवर वळा, खाटेशेजारी उभं राहा, खुर्चीत बसा, पट्टे नीट करून घेता येतात.

सिस्टर मधूनमधून पोटावर तळहात ठेवतील आणि कळ ओसरल्यावरही हात तिथेच ठेवतील. पिशवी सैल पडतेय ना आणि जुन्या टाक्यांच्या जागी हात लावल्यावर दुखतंय का, हे त्या बघत असतात. तुम्हीही लक्ष द्या. कळेचं दुखणं येतं, चढतं आणि उतरतं. दोन कळांच्या मध्ये पोट शांत व्हायला हवं. मधल्या वेळातही टाक्यांच्या जागी एकसारखं, चिरल्यासारखं दुखत राहिलं, चांगल्या येणाऱ्या कळा अचानक थांबल्या, लाल रक्त आलं, लघवीला रक्त दिसलं, खांद्याच्या टोकाशी कळ गेली किंवा एकाएकी घेरी आली, तर लाजू नका, ओरडून सांगा.

वेदना कमी करायला पाठीतली एपिड्युरल भूल घेता येते. तिने धोक्याची खूण झाकली जाईल अशी भीती पूर्वी होती, आता ती घ्यायला हरकत मानत नाहीत. पण भूल नीट लागलेली असतानाही दुखणं वाढतच गेलं तर तीच धोक्याची खूण मानतात.

मागच्या वेळी ज्या टप्प्यावर “चला, थिएटरमध्ये” म्हटलं गेलं होतं, त्या टप्प्याला बायकांचा धीर सुटतो. मागच्या वेळी पाच सेंटिमीटरवर थांबलं असेल, तर पाच ऐकलं की रडू फुटतं. त्या वेळी शेजारी असं माणूस हवं जे घाबरणार नाही. सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला केंद्र सरकारची २०१६ पासून मान्यता आहे, ती मागा. पाचचे सहा झाले की बहुतेकींच्या चेहऱ्यावरची भीती उतरते.

जोर करायच्या वेळी वरून पोट दाबू देऊ नका. ही पद्धत कुठल्याच बाईसाठी चांगली नाही, व्रण असलेल्या पिशवीसाठी तर नाहीच. हा टप्पा फार लांबला तर डॉक्टर व्हॅक्यूम किंवा चिमट्याने बाळाला मदत करतात, त्यात गैर काही नाही.

बेत बदलला तर

ठोके बिघडले किंवा तीन-चार तासांत तोंड पुढे उघडलंच नाही, तर सिझरचा निर्णय होतो. संमतिपत्रावर सही आधीच करून ठेवलेली असेल तर वेळ वाचतो, म्हणून दाखल होतानाच ती करा. ती करणं म्हणजे हार मानणं नव्हे. धावपळ होईल, लोक भराभर बोलतील, नवऱ्याला बाहेर थांबवतील. हे आधी माहीत असलं की भीती थोडी कमी होते. कळा सोसल्या त्या वाया गेल्या असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, कळा सुरू झाल्यावर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं श्वासासाठी जास्त तयार असतात.

बाळ झाल्यावर

बाळ बाहेर आल्यावर लगेच पिशवी आवळण्याचं इंजेक्शन देतात. ते सगळ्यांनाच देतात. काही त्रास नसेल तर आतून हात घालून जुना व्रण चाचपून बघायची गरज नसते. पहिले दोन तास रक्तस्राव, नाडी आणि रक्तदाब बारकाईने बघतात. व्रण कधीकधी बाळ बाहेर येताना उसवतो आणि नंतर कळतो, म्हणून या काळात घाबरल्यासारखं वाटलं, पोट फुगून दुखायला लागलं किंवा पॅड अर्ध्या तासात भिजला तर लगेच बोला. बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्या, पाजा. त्याने पिशवीही आवळते.

सगळं नीट असेल तर दोन दिवसांत घरी सोडतात. घरी ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढता रक्तस्राव किंवा न थांबणारी पोटदुखी झाली तर सव्वा महिना संपायची वाट न बघता दाखवा. डिस्चार्ज कार्डावर ‘व्हीबॅक’ असं स्पष्ट लिहून घ्या, कारण पुढच्या डॉक्टरांसाठी ती सगळ्यात मोलाची नोंद असते. आणि पुढच्या बाळंतपणापर्यंत पिशवीला पुरेसा अवकाश मिळावा म्हणून तांबी कधी बसवायची हे घरी जाण्याआधीच विचारा. प्रसूतीनंतर पहिल्या ४८ तासांतही ती बसवता येते, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.